‘रेझिलियन्स’ नावाची उडी

माझी भाची नर्स आहे. कोविडची दुसरी लाट ओसरल्यावर, म्हणजे २०२१ च्या पावसाळ्यात, ती एका संध्याकाळी आमच्याकडे आली. हातात एक चकचकीत प्रशस्तिपत्र होतं. ती ज्या रुग्णालयात कंत्राटावर काम करत होती, त्यांनी सगळ्याच परिचारिकांना ते दिलं होतं. भोवती सोनेरी किनार, खाली दोन सह्या, आणि मधे इंग्रजीत मजकूर : कठीण काळात दाखवलेल्या ‘रेझिलियन्स’बद्दल आपला गौरव करण्यात येत आहे. घरी आईला ते वाचून दाखवायचं होतं, म्हणून तिनं मला विचारलं, ‘‘मामा, तू इंजिनिअरिंगचा मास्तर. ह्याला मराठीत काय म्हणायचं, सांग.’’

मी चहा पीत होतो. फारसा विचार न करता म्हणालो, ‘‘चिवटपणा म्हण.’’

ती क्षणभर थांबली. ‘‘म्हणजे, तुटले नाही म्हणून,’’ एवढंच म्हणाली आणि कागद पिशवीत ठेवून दिला.

त्या रात्री मला चुटपुट लागून राहिली. एक तर त्या दोन-अडीच महिन्यांत तिनं किती डबल ड्यूट्या केल्या, पीपीई किटमध्ये किती तास काढले, हे मी पाहिलं होतं. आणि दुसरं म्हणजे, मी दिलेलं उत्तर चूक होतं. तंत्रनिकेतनात तीस वर्षं मी ‘स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स’ हा विषय शिकवला. ‘रेझिलियन्स’ आणि ‘टफनेस’ यांत कुणी गल्लत केली, तर त्याचे मार्क मी कापत असे. घरच्या माणसाला सांगताना मात्र मी स्वतः तीच गल्लत केली. तेव्हापासून मी या शब्दाच्या मागे लागलो. त्याचा प्रवास मोठा मजेशीर आहे, आणि शेवटी तो फारसा मजेशीर राहत नाही.

या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘सालिरे’ म्हणजे उडी मारणं. त्याला ‘रे’ हा उपसर्ग लागला, की होतं ‘रेसिलिरे’, म्हणजे मागे उडी मारणं, उसळून परत येणं. दोन हजार वर्षांपूर्वी ओव्हिड या रोमन कवीनं आपल्या ‘मेटॅमॉर्फोसिस’ या काव्यात शापानं बेडूक झालेल्या शेतकऱ्यांची गोष्ट सांगितली आहे. तळ्याच्या काठावर येऊन बसणारे आणि पुन्हा गार पाण्यात उडी घेणारे ते बेडूक वर्णन करताना त्यानं हेच क्रियापद वापरलं आहे. तेव्हा आज जागतिक परिषदांच्या व्यासपीठांवर विराजमान झालेल्या या शब्दाचे पूर्वज डबक्यात डुंबत होते, असं म्हणायला हरकत नाही.

या ‘उडी’च्या कुळात आपल्या ओळखीची बरीच मंडळी आहेत. अंगावर उडी घेणं म्हणजे ‘असॉल्ट’. एखाद्यावर उडी घेऊन त्याला तुडवणं, त्यावरून पुढे आला ‘इन्सल्ट’. आणि आपल्याकडे घराघरांत ज्याची धास्ती असते तो दहावीचा ‘रिझल्ट’, तोही याच घरातला. केलेल्या कर्मातून उसळून जे परत येतं ते फळ.

याच धातूपासून इंग्रजीत ‘रिझाइल’ असं एक क्रियापद आलं. अर्थ मागे हटणं, दिलेल्या शब्दावरून फिरणं. हे क्रियापद आता सामान्य बोलण्यातून जवळजवळ गेलं आहे, पण आपल्या न्यायालयांनी ते जपून ठेवलं आहे. साक्षीदार फितूर झाला, पोलिसांना दिलेल्या जबाबावरून उलटला, की आपल्या उच्च न्यायालयांच्या इंग्रजी निकालपत्रांत तो ‘रिझाइल्ड’ झालेला दिसतो. म्हणजे एकाच मुळातून निघालेल्या दोन शब्दांपैकी एक प्रशस्तिपत्रावर गेला आणि दुसरा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला. मागे उडी मारणं ही गोष्ट मुळात चांगलीही नव्हती आणि वाईटही नव्हती. कुठून उडी मारली आणि कुठे परत आलात, यावर सगळं अवलंबून होतं.

इंग्रजीत हा शब्द शास्त्राच्या दारानं आला. फ्रान्सिस बेकन १६२६ मध्ये वारला. त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ‘सिल्व्हा सिल्व्हारम’ या ग्रंथात त्यानं प्रतिध्वनीचा विचार केला आहे. चेंडू तिरका मारला तर तो तसाच तिरका परततो. मग भिंतीवर आदळलेला आवाजही तसाच ‘रेझिलियन्स’नं परततो का, हा त्याचा प्रश्न. डॉ. जॉन्सननं १७५५ च्या आपल्या प्रसिद्ध शब्दकोशात या शब्दाचा अर्थ मागे उसळण्याची क्रिया एवढाच दिला. त्यात कुठेही धैर्य नाही, सहनशक्ती नाही, कौतुक नाही.

नंतर हा शब्द आम्हा इंजिनिअरांच्या हाती लागला. थॉमस यंग हा लंडनचा डॉक्टर. प्रकाशाच्या लहरींवर त्यानं प्रयोग केले, इजिप्तची चित्रलिपी उलगडायचा प्रयत्न केला, आणि पदार्थांचा ताठपणा मोजण्याचा ‘यंग्ज मॉड्युलस’ आजही त्याच्या नावानं शिकवला जातो. आपली व्याख्यानं त्याने १८०७ मध्ये पुस्तकरूपानं प्रसिद्ध केली. त्यात त्यानं एक बारीक भेद केला. तुळईवर वजन हळूहळू ठेवलं तर जी ताकद लागते ती वेगळी, आणि तिच्यावर अचानक आघात झाला तर तो झेलायला लागते ती वेगळी. या दुसऱ्या गुणाला त्यानं ‘रेझिलियन्स’ म्हटलं. पुढे १८१८ मध्ये थॉमस ट्रेडगोल्ड या इंग्रज इंजिनिअरनं इमारती लाकडाच्या संदर्भात हाच शब्द वापरला.

एकोणिसाव्या शतकात या व्याख्येला आणखी धार आली, आणि ती धार समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. म्हणून तुम्हाला मी क्षणभर आमच्या प्रयोगशाळेत नेतो.

तिथं सळई ताणायचं एक मोठं यंत्र असतं. साध्या पोलादाची सळई त्याच्या दोन जबड्यांत पकडायची आणि ओढायला सुरुवात करायची. समजा, सळईवर २०० मिलिमीटर अंतरावर दोन खुणा केल्या आहेत. ओढता ओढता त्या खुणांमधलं अंतर वाढू लागतं. साधारण पाव मिलिमीटर वाढेपर्यंत सळई भली असते. जोर काढून घेतला, की ती पहिल्यासारखी, पहिल्या जागी येते. आपल्याकडे याला स्थितिस्थापकता म्हणतात, मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. या पाव मिलिमीटरपर्यंत सळईनं जेवढी ऊर्जा पोटात घेतली आणि जोर काढताच परत दिली, तेवढाच तिचा ‘रेझिलियन्स’.

पाव मिलिमीटर डोळ्यांना दिसत नाही. ते मोजायला सळईला एक्स्टेन्सोमीटर नावाचं नाजूक उपकरण लावावं लागतं. पण ती हद्द ओलांडली, की यंत्राचा काटा जरा अडखळतो. मी मुलांना सांगायचो, इथं बघा, इथं सळई काहीतरी सांगते आहे. त्यानंतरही सळई तुटत नाही. ती लांबत जाते. पाच मिलिमीटर, दहा, वीस. मधे एका जागी तिची मान बारीक होते, आणि चाळीसेक मिलिमीटर लांबल्यावर मोठा आवाज होऊन ती तुटते. तुटेपर्यंत तिनं एकूण जी ऊर्जा झेलली, तो तिचा ‘टफनेस’, म्हणजे चिवटपणा.

पाव मिलिमीटर आणि चाळीस मिलिमीटर. या दोन आकड्यांच्या मधे सळई अखंड असते. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, काय मजबूत आहे! पण तुम्ही जोर काढून घ्या आणि खुणांमधलं अंतर मोजा. ते पुन्हा २०० भरत नाही, कधीच भरत नाही. न तुटणं आणि परत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पोलादाच्या बाबतीत आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो.

इथं एक हुशार विद्यार्थी हमखास विचारायचा, ‘‘सर, पण हद्दीपलीकडे ओढलेली सळई आणखी कडक होते ना?’’ होते. बांधकामात वर्षानुवर्षं वापरलेली पिळाची ‘टॉर’ सळई याच तत्त्वावर बनवत. थंड पोलादाला पीळ दिला, की त्याची ताकद वाढते. कष्टानं माणूस घडतो, असं आपण म्हणतो, त्यात हे सत्य आहे. पण त्या ताकदीची किंमत सळई मोजते. तिची पुढे ताणली जाण्याची क्षमता तेवढी कमी होते. कडक झालेली सळई आधीपेक्षा कमी लांबून तुटते.

आणखी एक गोष्ट पोलादानं माणसाला शिकवली, ती फार महागात पडून. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायचा राजोत्सव पाहून लोक आगगाडीनं पॅरिसला परतत होते. पुढच्या इंजिनाचा आस तुटला. मागचे डबे इंजिनावर चढले, आग लागली. डब्यांची दारं तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे बाहेरून बंद केलेली होती. पन्नासांहून अधिक माणसं जळून गेली. तो आस काही पेलवणार नाही एवढ्या वजनाखाली तुटलेला नव्हता. रोज वाहत होता तेच वजन त्या दिवशीही होतं. दुसऱ्याच वर्षी रँकिन या तरुण स्कॉटिश इंजिनिअरनं आस कसे तुटतात याचा अभ्यास मांडला. आसाचा व्यास जिथं एकदम बदलतो, तिथं बारीक चीर पडते, आणि चाकाच्या फेऱ्यांबरोबर ती आत आत सरकत जाते, असं त्यानं दाखवलं. पुढे प्रशियाच्या रेल्वेतल्या ऑगस्ट व्होलरनं वर्षानुवर्षं आसांवर प्रयोग करून सिद्ध केलं, की जे ओझं पोलाद एकदा सहज झेलतं, तेच ओझं लाखो वेळा आलं तर पोलाद तुटू शकतं. इंजिनिअरांनी या प्रकाराला नाव दिलं ‘फटीग’, म्हणजे थकवा. लोखंडही थकतं, हे एकोणिसाव्या शतकात कळलं, आणि तेव्हापासून कुठलाही आस ‘आजवर टिकला’ एवढ्या भरवशावर वापरत नाहीत.

एवढं सगळं पोलादाबद्दल माहीत झालं. पण दरम्यान हा शब्द माणसांना लावायला सुरुवात झाली होती, आणि तो माणसांकडे गेला तेव्हा पाव मिलिमीटरची हद्द मागेच राहून गेली.

याचं एक जुनं उदाहरण जपानचं आहे. २३ डिसेंबर १८५४ रोजी भूकंप झाला आणि पाठोपाठ आलेल्या त्सुनामीनं शिमोदा हे बंदर धुऊन नेलं. त्यानंतर लवकरच तिथं अमेरिकन जहाज पोचलं. रडत न बसता घरं उभारायला लागलेले लोक पाहून पाहुणे थक्क झाले. कमोडोर पेरीच्या मोहिमेच्या वृत्तांतात जपानी स्वभावातल्या या ‘रेझिलियन्सी’चं कौतुक आहे. कौतुक खोटं नव्हतं. पण ते जहाजावरून आलेल्या पाहुण्यांनी केलेलं होतं. घर ज्याचं वाहून गेलं होतं त्याला दुसरा काही पर्याय होता का, हा प्रश्न पाहुण्यांना पडण्याचं कारण नव्हतं.

विसाव्या शतकात या शब्दाचा दोन ठिकाणी गंभीर अभ्यास झाला. कॅनडाचे पर्यावरणशास्त्रज्ञ हॉलिंग यांनी १९७३ मध्ये, जंगलं आणि तळी धक्के कसे पचवतात यासाठी हा शब्द वापरला. त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली : वरून स्थिर दिसणारी व्यवस्था आतून कोसळण्याच्या बेतात असू शकते.

दुसरा अभ्यास मुलांचा. हवाई बेटांपैकी कावाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी चाळीस वर्षं मागोवा घेतला. यांतल्या साधारण एकतृतीयांश मुलांच्या वाट्याला गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचे आजार, व्यसनं असं बरंच काही आलं होतं. तरी त्या मुलांपैकी प्रत्येकी तिघांतलं एक मूल मोठेपणी स्थिर, कर्तं आणि प्रेमळ माणूस झालं. का? मुलाचा स्वतःचा स्वभाव हे एक कारण होतंच. पण या मुलांना बहुधा घरातलं किंवा बाहेरचं निदान एक माणूस भेटलं होतं, ज्याच्यावर ती विसंबू शकत होती. आजी, मावशी, शेजारी, शाळेतल्या बाई. बिघडलेल्या मुलांपैकीही अनेक जण तिशीपर्यंत सावरले. कुणाला शिक्षणाची दुसरी संधी मिळाली होती, कुणाला चांगला जोडीदार. म्हणजे ज्याला आपण मुलाच्या अंगचा चिवटपणा म्हणतो, त्यातला मोठा वाटा त्याच्या आजूबाजूला उभ्या असलेल्या माणसांचा होता.

आता आपल्या घराजवळ येतो. जानेवारी २००५ मध्ये जपानमध्ये कोबे इथं संयुक्त राष्ट्रांची आपत्तीविषयक परिषद भरली. त्सुनामीला जेमतेम तीन आठवडे झाले होते. तिथं १६८ देशांच्या सरकारांनी जो आराखडा स्वीकारला, त्याच्या नावातच ‘रेझिलियन्स’ हा शब्द होता. त्याच वर्षी २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री अनोळखी माणसांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं, खायला घातलं, हात धरून पाण्यातून नेलं. पुढच्या वर्षी ११ जुलैला संध्याकाळच्या गर्दीत पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मार्गावर त्याच गाड्या भरून धावल्या. देशभरच्या वाहिन्यांनी ‘स्पिरिट ऑफ मुंबई’चा गजर केला. इंग्रजी अग्रलेखांनी शहराचा ‘रेझिलियन्स’ वाखाणला.

त्या गर्दीतला माणूस दुसऱ्या दिवशी कामावर का गेला? धैर्य होतं म्हणून गेला, हे मी नाकारत नाही. पण हजेरी कापली जाते म्हणूनही गेला. आणि २००५ च्या पाण्याचं गणित साधं होतं. मुंबईची जुनी गटारव्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी, आणि तीही समुद्राला ओहोटी असताना, आखलेली होती. ती वाढवण्याची योजना १९९३ मध्येच कागदावर तयार झाली होती. एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या, म्हणजे आताच्या प्रभादेवीच्या, अरुंद पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. रोज त्या पुलावरून रेटारेटीत जाणाऱ्यांचा चिवटपणा वादातीत होता. पूल मात्र अरुंदच होता. नवा पूल अखेर लष्करानं काही महिन्यांत, फेब्रुवारी २०१८ मध्ये, बांधून दिला. म्हणजे काम होण्यासारखं होतं.

अमेरिकेत न्यू ऑर्लीन्स शहराला २००५ मध्येच कतरिना वादळाचा तडाखा बसला. तिथल्या लोकांचंही असंच कौतुक झालं. काही वर्षांनी त्या शहरात भित्तिपत्रकं लागली. आम्हाला ‘रेझिलियंट’ म्हणणं बंद करा, अशा आशयाची. कारण असं, की प्रत्येक वेळी ते म्हटलं, की आमच्यावर आणखी काहीतरी लादायला मोकळीक मिळते.

मला ते भित्तिपत्रक एखाद्या इंजिनिअरनं लिहावं तसं वाटतं. कारण कुठलाही इंजिनिअर तुळईचं कौतुक करून तिच्यावर आणखी एक मजला चढवत नाही. तो आधी विचारतो, हिच्यावर आता किती भार आहे, हिची हद्द कुठे आहे, आणि तो भार दिवसातून किती वेळा येतो. मग दोन्हींमध्ये भरपूर अंतर राखतो. त्या अंतराला आम्ही ‘फॅक्टर ऑफ सेफ्टी’ म्हणतो.

आपल्या मराठीत या गुणासाठी शब्दांची वाण नाही. चिवट आहे, काटक आहे, लवचीक आहे, चिकाटी आहे, जिद्द आहे. पुरातल्या लव्हाळ्याची तुकोबांची उपमा आपण शाळेपासून ऐकत आलो. पण लव्हाळं वाकून उभं राहतं ते पूर ओसरतो म्हणून, हेही लक्षात ठेवायला हवं. बारा महिने चोवीस तास पूर असेल, तर लव्हाळं कुजेल.

पुढच्या आठवड्यात भाची आली तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं. सळई, पाव मिलिमीटर, अडखळणारा काटा. मी म्हणालो, ‘‘अगं, चिवटपणा हा शब्द चुकला माझा. रेझिलियन्स म्हणजे ओझं उतरल्यावर पहिल्यासारखं होणं. ते बघायचं तर आधी ओझं उतरावं लागतं.’’

ती ऐकत होती. मग म्हणाली, ‘‘मामा, तुमच्या त्या मशीनपाशी आकडा बघायला कुणी उभं असतं का?’’

‘‘असतंच. एक मुलगा काट्यावर आणि एक उपकरणावर. त्याशिवाय मशीन चालूच करायचं नाही, असा नियम आहे.’’

‘‘आमच्या वॉर्डात काट्याकडे बघायला कुणी नव्हतं,’’ ती म्हणाली.

थोड्या वेळानं मी विचारलं, ‘‘आईला वाचून दाखवलंस का ते?’’

‘‘दाखवलं. पोरीनं चांगलं काम केलं, असं लिहिलंय म्हणून सांगितलं.’’ आणि मग हसून म्हणाली, ‘‘चूक नाही ना त्यात काही?’’

चूक काहीच नव्हती. इतकी वर्षं त्या शब्दामागे धावून मला जो अर्थ सापडला, त्यापेक्षा तो सरळ होता.